प्रवाळांचा आहार : घरगुती सागरी जलजीवालय आणि डहाणू-तलासरीचा किनारा

प्रस्तावना

डहाणूपासून बोर्डीमार्गे तलासरी तालुक्यातील झाईपर्यंतच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहिले असता समुद्राचे पाणी मातकट, करड्या रंगाचे दिसते. पाठ्यपुस्तकांतील निळ्या, पारदर्शक पाण्याच्या व रंगीबेरंगी प्रवाळांच्या छायाचित्रांशी या दृश्याचे काहीच साम्य नाही. असे असले तरी काचेच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यास जो प्रश्न सर्वाधिक सतावतो, म्हणजे त्याला खाद्य कोणते द्यावे आणि किती द्यावे, त्याचे उत्तर शोधताना हे गढूळ पाणीच अधिक उपयोगी पडते.

गेल्या काही वर्षांत एलईडी दिवे, कृत्रिम सागरी मीठ आणि पाणी शुद्ध करणारी आरओ यंत्रे सहज उपलब्ध झाल्याने खाऱ्या पाण्याची टाकी ठेवण्याचा छंद महानगरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनाही अशा टाकीचे आकर्षण वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. मात्र या छंदाभोवती परस्परविरोधी असे दोन समज रूढ आहेत. पहिला समज असा की, प्रवाळास केवळ प्रकाश पुरतो, खाद्याची गरज नसते. दुसरा असा की, जितके खाद्य अधिक तितकी वाढ अधिक. हे दोन्ही समज अर्धसत्य आहेत आणि बंदिस्त टाकीत दोन्ही घातक ठरू शकतात. प्रस्तुत लेखात प्रवाळाच्या पोषणाची यंत्रणा आणि टाकीतील खाद्याचा रासायनिक हिशेब यांचे विवेचन केले असून त्यासाठी उत्तर कोकणच्या किनाऱ्याचा आधार घेतला आहे.

दुहेरी पोषण : एका वादाचा इतिहास

प्रवाळ हा प्राणी आहे, हे आज शालेय विद्यार्थ्यासही ठाऊक असते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र पेसोनेल या फ्रेंच वैद्याने हे मत मांडले तेव्हा तत्कालीन विद्वानांनी ते मनावर घेतले नाही. प्रवाळ ही सागरी वनस्पती असून तिला दिसणारे अवयव ही तिची फुले होत, अशी समजूत तेव्हा दृढ होती. पुढे विसाव्या शतकात वादाने वेगळे रूप घेतले. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवले राहतात हे सिद्ध झाले होते. प्रश्न उरला होता तो प्रवाळ त्यांच्यावर जगतो की भक्ष्यावर, हा.

१९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या तुकडीने ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधील लो आयल्स या बेटांवर सुमारे एक वर्ष मुक्काम केला. अंधारात ठेवलेल्या प्रवाळांतील शैवले नष्ट झाली, तरी खाद्य मिळत राहिल्यास प्रवाळ जिवंत राहतात, असे त्यांना आढळले. यावरून प्रवाळ हा पूर्णतः मांसाहारी प्राणी असून शैवलांचा उपयोग त्याला अन्न म्हणून होत नाही, असे याँग यांचे मत झाले. त्यानंतर १९५५ साली ओडम बंधूंनी एनिवेटॉक येथील प्रवाळभित्तीचा अभ्यास करून केवळ प्राणिप्लवकांवर प्रवाळांचा निर्वाह होणे शक्य दिसत नाही, असे मांडले. किरणोत्सारी समस्थानिकांचे तंत्र हाती आल्यावर थॉमस गोरो यांनी प्रकाशात प्रवाळाच्या सांगाड्यात कॅल्शियम अधिक वेगाने जमा होते हे दाखविले, आणि शैवलांनी तयार केलेली शर्करा व ग्लिसरॉल यांसारखी संयुगे यजमान पेशींत जातात हेही स्पष्ट झाले. मस्कटिन व पोर्टर यांनी १९७७ साली या सहजीवनाची मांडणी अन्नद्रव्यांचे दुर्भिक्ष असलेल्या पाण्याशी जुळवून घेण्याची व्यवस्था म्हणून केली. आजही हीच मांडणी मूलभूत मानली जाते.

तात्पर्य, दोन्ही पक्ष काही अंशी बरोबर होते. अनुकूल प्रकाशात शैवले आपल्या प्रकाशसंश्लेषणातील फार मोठा भाग, कित्येकदा नव्वद टक्क्यांपर्यंत, यजमानास देतात. परंतु हा पुरवठा मुख्यतः कार्बनचा असतो. त्यातून ऊर्जा मिळते. प्रथिने घडविण्यास लागणारे नायट्रोजन व फॉस्फरस त्यातून पुरेसे मिळत नाहीत. नुसत्या साखरपाण्यावर बालक हालचाल करील, पण त्याचे अंग भरणार नाही, तसाच हा प्रकार आहे. ही उणीव प्रवाळ भक्ष्य पकडून भरून काढतो. हूलब्रेक व फेरिए-पाजेस यांनी २००९ साली घेतलेल्या आढाव्यानुसार निरोगी प्रवाळाच्या दैनंदिन चयापचयाच्या गरजेपैकी सुमारे १५ ते ३५ टक्के गरज भक्ष्यातून भागते. विरंजन झालेल्या, म्हणजे शैवले गमावलेल्या प्रवाळात हे प्रमाण शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

भक्ष्य पकडण्याची रीतही एकच नाही. बहुतेक प्रवाळांचे पॉलिप रात्री फुलतात, कारण प्राणिप्लवक रात्री तळाकडून वर येतात. संस्पर्शकांवरील दंशकोशिका भक्ष्यास बधिर करतात. काही जाती श्लेष्माचे जाळे पसरून त्यात अडकलेले कण तोंडाकडे ओढून घेतात. काही जाती आतड्यासारखे तंतू शरीराबाहेर काढून बाहेरच पचन सुरू करतात. याशिवाय पाण्यात विरघळलेली अमिनो आम्ले व युरिया त्वचेतून शोषले जातात. त्यामुळे टाकीतील प्रवाळ ‘काही खात नाही’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बहुधा पाहणाऱ्याने दिवे लावून दिवसा पाहिलेले असते.

गढूळ पाण्याचा पुरावा

डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावर प्रवाळभित्ती का नाही, याची कारणे स्पष्ट आहेत. उत्तरेस खंबातच्या आखातात नर्मदा व तापी यांसारख्या नद्या प्रचंड गाळ आणतात. येथील उधाणाच्या भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरच्या आसपास असल्याने हा गाळ तळाशी स्थिरावत नाही, तो सतत ढवळला जातो. प्रकाश थोड्या खोलीवरच अडतो. शिवाय नैर्ऋत्य मोसमी पावसात नद्या व खाड्यांच्या मुखांजवळ पाण्याची क्षारता झपाट्याने घटते. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना ही परिस्थिती सोसत नाही.

याउलट अन्नाच्या दृष्टीने हा समुद्र अत्यंत समृद्ध आहे. डोल जाळ्यात येणारा जवळा आणि त्यावर पोसला जाणारा बोंबील या किनाऱ्याच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. जवळ्याच्याही खालच्या पायरीवर असंख्य सूक्ष्म कवचधारी, डिंभ आणि सेंद्रिय कण आहेत. म्हणजे ज्या निळ्या समुद्राचे चित्र मनात ठेवून टाकी उभारली जाते, तेथे प्रकाश मुबलक आणि अन्न दुर्मीळ. येथे अन्न मुबलक आणि प्रकाश दुर्मीळ.

अशा पाण्यात प्रवाळ मुळीच जगत नाहीत, असे मात्र नाही. कासिम व वाफर यांनी १९७९ साली भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली होती. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी व हाजीअली परिसरातील खडकांवर प्रवाळ आढळले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली त्यांच्या १८ वसाहतींचे स्थलांतर करण्यात आले. हे प्रवाळ प्रामुख्याने रायझँजीडी या कुलातील होते. या कुलातील बहुसंख्य जाती शैवलांच्या सहजीवनाविना, निव्वळ भक्ष्यावर जगतात. महानगराच्या सांडपाण्याने गढूळ झालेल्या पाण्यात टिकून राहिलेला प्रवाळ हा ‘खाणारा’ प्रवाळ होता, ही बाब योगायोगाची नाही.

सहजीवी शैवले बाळगणाऱ्या जातींतही हा फरक दिसतो. अँथनी व फॅब्रिसियस यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन जातींना वेगवेगळ्या गढूळपणाच्या पाण्यात ठेवले होते. गोनिअ‍ॅस्ट्रिया रेटिफॉर्मिस ही जात निलंबित कण खाऊन प्रकाशाची तूट बऱ्याच अंशी भरून काढू शकली. पोराइटिस सिलिंड्रिका ही जात मात्र खाद्याकडे फारशी वळली नाही. तिने उपलब्ध प्रकाशाशी जुळवून घेण्याचा प्रयत्न केला व गढूळपणा वाढताच ती तोट्यात गेली. ग्रोटोली यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हवाई येथील प्रवाळांवर केलेल्या कामातही विरंजनानंतर मॉन्टिपोरा कॅपिटाटा या जातीने भक्षण वाढविले, तर पोराइटिसच्या दोन जातींनी वाढविले नाही, असे आढळले. ‘प्रवाळाला किती खाद्य द्यावे’ या प्रश्नाला एकच उत्तर संभवत नाही ते यामुळे. प्रथम जात कोणती ते विचारले पाहिजे.

टाकीतील हिशेब

खुल्या समुद्रात प्रवाळाजवळून दिवसभरात अमाप पाणी वाहत जाते. न खाल्लेला कण पुढे निघून जातो. २०० लिटरच्या टाकीत कण पुढे जाऊन जाणार कोठे? तो कुजतो. ही साधी गोष्ट आकड्यांत मांडल्यास अधिक बोलकी होते.

समजा, अशा टाकीत दररोज कोरड्या वजनाने १ ग्रॅम खाद्य टाकले. त्यात निम्मी प्रथिने धरल्यास ती ०.५ ग्रॅम होतात. प्रथिनांत नायट्रोजनचे प्रमाण सुमारे १६ टक्के असते, म्हणजे ०.०८ ग्रॅम नायट्रोजन. हा सर्व नायट्रोजन अमोनिया व नायट्राइट या पायऱ्यांनी नायट्रेटमध्ये रूपांतरित झाला तर सुमारे ०.३५ ग्रॅम नायट्रेट तयार होईल. २०० लिटर पाण्यात ही भर दर लिटरला सुमारे १.८ मिलिग्रॅम. खाद्यात १ टक्का फॉस्फरस धरल्यास फॉस्फेटची भर दर लिटरला सुमारे ०.१५ मिलिग्रॅम होते. ही एका दिवसाची गोष्ट झाली. आठवड्यास नायट्रेट सुमारे १२ व फॉस्फेट सुमारे १ मिलिग्रॅमने वाढेल. प्रवाळांच्या टाकीत फॉस्फेट सामान्यतः दर लिटरला ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम या मर्यादेत ठेवण्याचा प्रघात आहे, हे लक्षात घेतले असता एका दिवसाचे खाद्यही ती मर्यादा ओलांडू शकते.

यावर ‘दर आठवड्यास दहा टक्के पाणी बदलावे’ असा सोपा सल्ला दिला जातो. त्याचेही गणित करून पाहावे. दर आठवड्यास १२ मिलिग्रॅमची भर आणि दहा टक्क्यांची घट असेल, तर नायट्रेट वाढत वाढत १२० मिलिग्रॅमच्या पातळीवर जाऊन स्थिरावेल. पाणी बदलणे आवश्यक असले तरी एकटे पुरेसे नाही, हे यावरून उघड होते. प्रत्यक्षात सच्छिद्र खडकांच्या अंतर्भागातील प्राणवायूविरहित जागेत जिवाणू काही नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. प्रोटीन स्किमर हे उपकरण बुडबुड्यांच्या फेसाबरोबर सेंद्रिय द्रव्य कुजण्यापूर्वीच बाहेर काढते. वेगळ्या कप्प्यात वाढविलेले मोठे शैवल नायट्रोजन व फॉस्फरस शोषते आणि ते कापून टाकले की ही द्रव्ये टाकीबाहेर जातात. म्हणून खाद्य वाढविण्याचा निर्णय हा खरे पाहता निर्गमनाची क्षमता वाढविण्याचा निर्णय असतो. जमाखर्चातील जमेची बाजू वाढविताना खर्चाची बाजू न पाहणारा जसा अडचणीत येतो, तसाच जलजीवालयधारकही येतो.

अन्नद्रव्ये वाढल्यास काय होते? नायट्रेट वाढल्याने सहजीवी शैवलांची संख्या फुगते, प्रवाळ तपकिरी दिसू लागतो. फॉस्फेट कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकीकरणात अडथळा आणते. खडकांवर तंतुमय शैवल माजते ते वेगळेच. तथापि याच्या उलट टोकही तितकेच वाईट आहे. अति स्वच्छतेच्या हव्यासापोटी नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणल्यास प्रवाळ फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट जीवांचा चिकट थर तळावर पसरण्याचा धोका असतो. विडेनमान व सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले की, नायट्रोजन भरपूर पण फॉस्फेट अपुरे अशा असंतुलित पाण्यात प्रवाळांचे विरंजन अधिक सहजतेने होते. किंबहुना दोहोंच्या प्रमाणातील मेळ हा प्रत्येकाच्या स्वतंत्र पातळीइतकाच महत्त्वाचा आहे.

येथे माशांचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. मेयर व सहकाऱ्यांनी १९८३ साली कॅरिबियन समुद्रात असे दाखविले होते की, ज्या प्रवाळांवर दिवसा माशांचे थवे विसावतात ते त्यांच्या उत्सर्जनामुळे अधिक वेगाने वाढतात. घरगुती टाकीत दोन-चार मासे असतील व त्यांना रोज खाद्य मिळत असेल, तर शैवलयुक्त मऊ प्रवाळांना स्वतंत्र खाद्य देण्याची निकड बऱ्याचदा उरत नाही.

खाद्य कोणते व कसे

सर्वाधिक वापरले जाणारे जिवंत खाद्य म्हणजे आर्टेमियाचे नुकतेच बाहेर पडलेले डिंभ. हा जीव अतिखाऱ्या पाण्यात, मिठागरांत आढळतो. त्याची सुप्तावस्थेतील अंडी डब्यांतून मिळतात. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान, खारे पाणी, प्रकाश आणि जोरकस हवा मिळाल्यास एका दिवसात डिंभ बाहेर पडतात. डहाणूच्या हवामानात यासाठी हीटरची गरज बहुतेक महिने भासत नाही. डिंभ प्रकाशाकडे आकर्षित होतात, त्यामुळे भांड्याच्या एका बाजूस दिवा धरून त्यांना रिकाम्या कवचांपासून वेगळे करता येते. मात्र ते लवकर वापरावेत. काही तासांत डिंभ पुढील अवस्थेत जातो व त्याच्यातील पीतकाचा साठा घटतो. मग सूक्ष्म शैवल खाऊ घातल्याशिवाय त्याचे पोषणमूल्य फारसे राहत नाही.

आर्टेमियाचे डिंभ सुमारे ०.४ ते ०.५ मिलिमीटर लांबीचे असतात. लहान तोंडाच्या जातींना ०.१ ते ०.३ मिलिमीटर आकाराचे रोटिफर अधिक सोयीचे ठरतात. डेंड्रोनेफ्थियासारखे शैवलविरहित मऊ प्रवाळ वनस्पतिप्लवकांवर जगतात, असे फॅब्रिसियस व सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखविले. त्यांना सतत व अत्यल्प खाद्य लागते, आणि ते घरगुती टाकीत बहुधा उपासमारीनेच मरतात. दिसायला अतिशय मोहक असल्याने ते विकत घेण्याचा मोह होतो. तो टाळणेच इष्ट.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ताजा जवळा हा स्वस्त पर्याय सुचतो आणि तो अयोग्य नाही. गोठविलेला, बिनमिठाचा जवळा बारीक चिरून, स्वच्छ पाण्यात धुऊन त्याचा रस काढून टाकावा व उरलेले तुकडे मोठ्या तोंडाच्या पॉलिपांना द्यावेत. रस टाकून देण्याचे कारण असे की, पकडता न येणारी पण पाणी बिघडविणारी द्रव्ये त्यातच सर्वाधिक असतात. बाजारातील सुकट मात्र वापरू नये. तिची भुकटी व वाळू पाण्यात पसरते आणि प्रवाळाच्या तोंडी फारच थोडे लागते.

खाद्य देण्याची वेळ दिवे मंदावल्यानंतरची असावी. मुख्य पंप व स्किमर पंधरा ते तीस मिनिटे बंद ठेवून ड्रॉपर वा लांब नळीने खाद्य पॉलिपाजवळ हलके सोडावे. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा एवढे पुरे होते. बंद केलेले पंप पुन्हा सुरू करण्यास विसरणे ही अगदी नेहमीची चूक आहे. पावसाळ्यात तलासरीसारख्या भागात वादळी वाऱ्याने वीजपुरवठा कधीही खंडित होऊ शकतो. भरपूर खाद्य दिल्यानंतर पंप बंद पडले तर कुजण्याची क्रिया उरलासुरला प्राणवायू वापरून टाकते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असल्याशिवाय अशा दिवसांत खाद्य देऊच नये.

समुद्र जवळ असल्याने तेथील पाणीच टाकीत का भरू नये, हा प्रश्नही विचारला जातो. त्याचे उत्तर वर आलेच आहे. येथील पाणी अन्नद्रव्यांनी व गाळाने भारलेले असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारता घटते. आरओ पाण्यात कृत्रिम मीठ मिसळून दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षारता राखणे, कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवणे हे खर्चिक असले तरी विश्वासार्ह आहे.

संकलनाविषयी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश झाला. त्यामुळे किनाऱ्यावरून अशा प्रवाळाचा तुकडाही, जिवंत असो वा मृत, परवानगीशिवाय उचलणे हा गुन्हा ठरतो. शैक्षणिक हेतू सांगून ही जबाबदारी टळत नाही. २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीतील विदेशी जातींच्या जिवंत प्राण्यांची नोंदणीही आवश्यक झाली आहे. प्राणिशास्त्र विभागाने टाकीसाठी खरेदी करताना जातीचे नाव व स्रोत यांची कागदपत्रे मागून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

झोअँथिड या गटास हे बंधन नसले तरी त्यांच्याबाबत वेगळी सावधगिरी हवी. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यांवर ते चटईसारखे पसरलेले दिसतात आणि सहलीस आलेले विद्यार्थी ते सहज खरवडून पाहतात. त्यांच्यातील पॅलिथोआ प्रजातीच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य असते. मूर व शॉयर यांनी ते १९७१ साली हवाईतील पॅलिथोआपासून वेगळे केले. जखम असलेल्या हाताने ते हाताळणे, डोळ्यात शिंतोडा उडणे किंवा असे जीव चिकटलेला दगड गरम पाण्यात उकळणे, यांतून गंभीर विषबाधा होऊ शकते. हातमोजे व चष्मा यांशिवाय हे जीव हाताळू देऊ नयेत.

डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झालेला आहे. वाढवणच्या खडकाळ पट्ट्यावर ओहोटीच्या वेळी स्त्रिया कालवे काढतात. त्याच परिसरातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. भराव व गाळ उपसण्याच्या कामाने पाण्यातील निलंबित कणांचे प्रमाण बदलते, आणि वर पाहिल्याप्रमाणे कोणते जीव खाऊन जगतील व कोणते प्रकाशाअभावी हटतील हे त्यावरच अवलंबून असते. टाकीसाठी घेतलेली क्षारतामापके, नायट्रेट-फॉस्फेटचे चाचणी संच आणि गढूळपणा मोजण्याची साधी सेची तबकडी हेच साहित्य झाई, बोर्डी आणि वाढवण येथे दर महिन्याच्या उधाणाच्या ओहोटीस वापरता येते. खडकाच्या सावलीच्या बाजूस, कपारीत, नखाएवढ्या पॉलिपांच्या वसाहती प्रथम शोधाव्यात. छायाचित्र, तारीख व ओहोटीची वेळ नोंदवावी, आणि पाहण्यासाठी उलटलेला दगड होता तसा ठेवावा.